३५ तास निव्वळ पाण्यावर

दशमीला रात्री आठला जेवले, ती थेट द्वादशीला सकाळी सातला. आषाढी मी लहानपणापासून करते, पण साबुदाणा, वरई, रताळ्याचा कीस असं सगळं खाऊन. यंदा निरंकार करणार म्हटल्यावर आई धास्तावली. "दिवसभर लॅबमध्ये उभी असतेस, चक्कर येऊन पडशील."

उपाशीपोटी आलेल्यांचं रक्त काढणं हे माझं रोजचं काम. म्हणून या वेळी स्वतःचंच बोट टोचत राहिले. एकादशीला सकाळी साखर ८८, दुपारी दोनला ८१, रात्री आठला ७४, द्वादशीला उठल्यावर ७२. आई आकडे बघून म्हणाली, "अगं, पोटात काही नाही, मग साखर येते कुठून?"

यकृतातून. तिथे साधारण ८० ते १०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, असतं. ते सरत आलं की यकृत लॅक्टेटपासून, चरबीतल्या ग्लिसरॉलपासून, अमिनो आम्लांपासून नवी साखर बनवतं. तांबड्या पेशींना तर साखरेवाचून चालतच नाही. इन्सुलिन उतरल्यामुळे चरबीही सुटी होऊ लागते आणि तिचे कीटोन तयार होतात. एकादशीच्या संध्याकाळी लघवीत बुडवलेली कीटोन तपासायची पट्टी फिकट गुलाबी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी चांगली जांभळट.

भुकेनं मात्र मला चकित केलं. दीडला, डब्याच्या वेळी, कडकडून लागली. वाटलं, आता रात्रीपर्यंत वाढतच जाणार. अडीचला ती आपोआप ओसरली होती! भूक चेतवणारं घ्रेलिन रोजच्या जेवणाच्या वेळेला चढतं आणि पुन्हा उतरतं. खरा त्रास झाला तो चहा नसल्याचा. संध्याकाळी डोकं ठणकत होतं, हात गार पडले होते.

वजन सव्वा किलोनं उतरलं. त्यात बहुतेक पाणीच, कारण एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं. दोन दिवसांत बरंचसं परत आलं.

कार्तिकीला वाटीभर खिचडीनंतर तासाभरानं माझी साखर १५२ होती. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. शरीराच्या लेखी ते जेवणच.

हे सगळं वाचून कुणी मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं डॉक्टरांना न विचारता असा उपवास करू नये, ही कळकळीची विनंती. गेल्या आषाढीला एक आजोबा रोजची गोळी घेऊन निरंकार राहिले होते. रक्त द्यायला आले आणि खुर्चीतच घामानं डबडबले. साखर ४८. ग्लुकोजचं पाणी पाजताना माझे हात थरथरत होते. माझ्या शरीरानं इन्सुलिन आपणहून कमी केलं. त्यांच्या पोटातल्या गोळीला एकादशी कळत नव्हती.

द्वादशीला आईनं वरण-भात, वर तूप वाढलं आणि बारस सोडली. पहिल्या घासाला लिंबाचा वास इतका लख्ख आला की डोळे मिटले. तासाभरानं मशीन आईनंच आणून दिलं. "बघ गं आता किती आहे." १३१.