पेशंटचं नाव काय लिहू?

हेला पेशींवर (लॅबमध्ये वाढवतात त्या कॅन्सरच्या पेशी) कोल्ड प्लाझ्मा (विजेने आयनित केलेला, पण गार वायू) आणि रेडिएशन यांचा काय परिणाम होतो, हा माझा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट. पेशी गणेशखिंडच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आल्या, हीलियमचा प्लाझ्मा जेट फिजिक्सवाल्यांनी लगेच वापरू दिला.

अडलं ते रेडिएशनपाशी. त्यासाठी एका हॉस्पिटलचं लिनॅक, म्हणजे कॅन्सरच्या पेशंटना रेडिएशन देणारं मशीन, मागितलं. तिथले फिजिसिस्ट सर पहिल्याच भेटीत म्हणाले, "शेवटचा पेशंट झाला की या." पण पत्र ऑफिसात गेलं आणि तिथेच मुरलं. आवक-जावकमध्ये नोंद आहे, फाइल साहेबांच्या टेबलावर आहे, साहेब मीटिंगमध्ये आहेत. एकदाची सही झाली, तर काउंटरवरच्या मॅडमनी नेहमीचा फॉर्म पुढे सरकवला: पेशंटचं नाव, वय, नातेवाइकाचा मोबाइल.

"मॅडम, पेशंट नाहीये. फ्लास्कमध्ये पेशी आहेत."

"नाव टाकल्याशिवाय सिस्टीम पुढे जात नाही."

आता खरं नाव टाकायचं तर हेला पेशी मुळात जिच्या गाठीतून घेतल्या ती हेन्रिएटा लॅक्स, बाल्टिमोर, मृत्यू १९५१. वैतागून तेही सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मयत पेशंटचं रजिस्ट्रेशन होत नाही."

शेवटी सरांनीच तोडगा काढला. मशीनची रोजची तपासणी होते त्या क्यूए मोडमध्ये पेशंट लागतच नाही! तुम्ही जाणार असाल तर पत्रातच 'क्यूए मोडमध्ये' असं लिहा, महिना वाचेल.

फ्लास्क मीडियमने (पेशी वाढतात त्या द्रवाने) गच्च भरून न्या आणि कंट्रोलचा, म्हणजे रेडिएशन न देण्याचा, फ्लास्कही त्याच थर्माकोलच्या डब्यातून न्या-आणा; विद्यापीठ चौकातला ट्रॅफिक त्यालाही भोगू दे. ६ एमव्हीच्या एक्स-रे बीमचा डोस पूर्ण भरायला दीड सेंटिमीटर खोली लागते आणि पेशी तर तळाला चिकटलेल्या. म्हणून खाली तेवढ्या जाडीच्या प्लेट्स ठेवून बीम खालून घ्यायचा.

दुसऱ्या दिवशीच्या एमटीटीवर (जिवंत पेशी रंगावरून मोजायची चाचणी) मात्र विसंबू नका. रेडिएशनने डीएनएचे दोन्ही धागे तुटतात, तरी पेशी लगेच मरत नाही. पुढच्या एक-दोन विभाजनांत कोलमडते. कॉलनी अ‍ॅसेच करा, म्हणजे किती पेशी वाढून वसाहत करतात ते मोजा: १०-१४ दिवस थांबा, क्रिस्टल व्हायोलेट हा रंग घाला, ५० पेशींच्या वरचे ठिपके मोजा. प्लाझ्माचा परिणाम चोवीस तासांतही दिसतो, कारण तिथे मीडियममध्ये तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड बरंचसं काम करतं. हो, मीडियमच्या बाटलीवर पायरुव्हेट लिहिलंय का ते आधी बघा; ते पेरॉक्साइड खाऊन टाकतं.

आणि ६ ग्रे इतका रेडिएशनचा डोस दिलेल्या डिशमध्ये पेशी जास्त पेरा. कंट्रोलइतक्याच पेरल्या तर मोजायला चारदोन ठिपके उरतात, आणि त्यावर गाइड आलेख काढू देत नाहीत.