दप्तरातून डोकावणारी काठी : किल्केनीतला एक महिना

मे महिन्याच्या सुट्टीत मी कधी जिल्ह्याबाहेर जात नाही, लग्नसराई, आंबे आणि जूनमधल्या शिबिराची जुळवाजुळव यातच सुट्टी संपते. पण २०२५ च्या मेमध्ये ताईने तिकीटच काढून पाठवलं, म्हणाली आता कारणं सांगू नकोस, भाचा तुझी वाट बघतोय. ताई-दाजी गेली चार वर्षं आयर्लंडमध्ये किल्केनीला असतात, ताई तिथे नर्स आहे. मी सांगली जिल्ह्यात एका शाळेत क्रीडाशिक्षक, खो-खो शिकवतो. तर डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून ट्रेन पकडली आणि साधारण दीड तासात किल्केनी. स्टेशनचं नाव मॅकडोना. हा थॉमस मॅकडोना म्हणजे १९१६ च्या उठावाचा एक नेता, ब्रिटिशांनी त्याला गोळ्या घालून मारलं. आणि हा माणूस त्याआधी याच गावातल्या सेंट किअरन्स कॉलेजमध्ये शिक्षक होता, हे दाजींनी गाडीत बॅगा टाकता टाकता सांगितलं. शिक्षकाच्या नावाचं स्टेशन! मला तिथेच हे गाव आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याला शाळेत सोडायला गेलो. तो दहा वर्षांचा, फोर्थ क्लासमध्ये. पाठीला दप्तर, दप्तराच्या चेनमधून बाहेर आलेली लाकडी काठी आणि काठीला लटकवलेलं हेल्मेट. मला वाटलं आज मॅच असेल. तर मामा, मॅच कशाला, रोजच नेतो की, म्हणाला. आणि खरंच शाळेच्या गेटपाशी बघतो तर दहातल्या सात-आठ पोरांच्या दप्तरातून काठी डोकावतेय, पोरींच्याही. आपल्याकडे पाण्याची बाटली असते तशी.

ही काठी म्हणजे हर्ली. खेळ हर्लिंग. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पंधरा विरुद्ध पंधरा, हॉकीसारखी पण पुढे चपटी आणि रुंद काठी, क्रिकेटच्या बॉलपेक्षा हलका चामड्याचा बॉल ज्याला स्लिटर म्हणतात, आणि बॉल जमिनीवर कमी आणि हवेत जास्त. गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखे, आडव्या दांडीवरून मारला तर एक पॉइंट, दांडीखालून जाळीत गेला तर गोल, म्हणजे तीन पॉइंट. काठीचा चपटा भाग आहे ना, त्याला बॉस म्हणतात, आयरिश भाषेत त्याचा अर्थ तळहात. सगळे खेळाडू हौशी, काऊंटीकडून (काऊंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) खेळणारे मोठेमोठे स्टारसुद्धा, खेळण्याचा पगार कुणालाच नाही. त्यामुळे सोमवारी जो तो आपल्या नोकरीवर हजर.

ताईच्या ओळखीने शाळेची परवानगी मिळाली, रीतसर नाव-पत्ता लिहून घेतला आणि मग मला मैदानावर बसू दिलं. शाळा छोटी, गावाबाहेरची, हेडसरांनाही स्वतःचा वर्ग शिकवायला असतो. मैदानाच्या एका कडेला शाळेची मागची भिंत आणि त्या भिंतीवर पांढऱ्या रंगाची एक आडवी पट्टी मारलेली. सुट्टी झाली की पोरं भिंतीसमोर ओळीने उभी राहतात आणि पट्टीच्या वर बॉल मारत राहतात, परत आला की झेलायचा, परत मारायचा, आधी उजवीकडून मग डावीकडून. कुणी सांगत नाही, शिट्टी नाही, मोजणी नाही. ती भिंत मी खूप वेळ बघत बसलो होतो कारण ती फुकटची कोच आहे हो, चुकलात तर बॉल चुकीच्या जागी परत येतो, विषय संपला.

जे सर सकाळी भाच्याच्या वर्गाला अपूर्णांक शिकवत होते तेच शाळा सुटल्यावर बूट बदलून मैदानात आले. त्या दिवशीचा धडा होता बॉल उचलणं. हर्लिंगमध्ये जमिनीवरचा बॉल हाताने उचलायला बंदी आहे, काठीनेच उचलून हातात घ्यायचा. सर गुडघा वाकवून बॉलच्या बाजूला बसले, काठी जवळजवळ जमिनीला समांतर, अंगठा काठीच्या वरच्या बाजूला बॉसच्या दिशेने, आणि एक छोटासा झटका देऊन काठी बॉलच्या खाली सरकवली, बॉल टुणकन दुसऱ्या हाताच्या ओंजळीत. मग पोरांना लावलं. एका पोरीला काही केल्या जमेना, काठी बॉलवर आपटायची आणि बॉल पुढे पळायचा. सर तिच्या शेजारी गवतात गुडघा टेकून बसले, ओल्या गवतात, आणि तिचा अंगठा धरून फक्त इतकाच फिरवला, बोटभर. पुढच्या तिसऱ्या प्रयत्नाला आला बॉल हातात. तिने सरांकडे बघितलंसुद्धा नाही, लगेच परत खाली ठेवला आणि परत उचलला. मी अकरा वर्षं पोरांना शिकवतोय, हे असं बोटभर बदलणं काय असतं ते मला माहितीय, त्यासाठी आधी ते पोर रोज डोळ्यांसमोर असावं लागतं. आठवड्यातून एकदा येणाऱ्या कोचला ते दिसत नाही.

काठीची उंचीसुद्धा शाळेतच मोजतात. पोराला सरळ उभं करायचं, काठी बाजूला टेकवायची, वरचं टोक कमरेच्या हाडापाशी आलं पाहिजे. मोठ्या भावाची लांब काठी घेऊन आलेल्या पोराला सर स्टोअरमधली लहान काढून देतात, कारण लांब काठीने मनगट चुकीचं वळायला लागतं आणि एकदा वळलं की पुढे सुधारत नाही. लहानांचा बॉलही वेगळा, मऊ आणि हलका, वय वाढेल तसा खरा बॉल जवळ येत जातो. हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं, मोठ्यांनाही, २०१० पासून.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं सांगतो. इथे प्रत्येक गावाचा आपला क्लब असतो, आणि माणूस आयुष्यभर शक्यतो त्याच क्लबकडून खेळतो, बाप खेळला तिथे पोरगा. छान आहे. पण ज्याचा बाप तिथे खेळलाच नाही त्याचं काय? माझ्या ताईच्या घरी हर्लिंग म्हणजे काय हे चार वर्षांपूर्वी कुणाला माहीत नव्हतं, क्लब कुठे, नाव कसं नोंदवायचं, काठी कुठून आणायची, काही नाही. दाजींचा खेळ म्हणजे टीव्हीवरचं क्रिकेट. भाच्याच्या हातात पहिली काठी दिली ती शाळेने, पीईच्या तासाला, वर्गातल्या बाकीच्या पोरांबरोबर. मग वर्गातल्याच एका मित्राच्या आईने विचारलं शनिवारी क्लबला घेऊन जाऊ का, आणि तिथून सुरू. त्याच्या वर्गात पोलंडची दोन मुलं आहेत, ब्राझीलची एक मुलगी आहे, सगळे याच वाटेने आलेत. क्लबचं दार ज्यांना माहीत असतं त्यांच्यासाठी उघडं असतं, शाळेत मात्र येतं प्रत्येक पोर.

त्या सरांना मी विचारलं की तुम्हाला याचे वेगळे पैसे मिळतात का. ते हसले, नाही म्हणाले, आणि पोरांच्या हेल्मेटच्या पट्ट्या घट्ट करायला निघून गेले. इथल्या प्राथमिक शाळांच्या स्पर्धा कमन न मून्स्कॉल नावाची संघटना भरवते आणि ती मुख्यतः शिक्षकांच्याच जिवावर चालते, शाळा सुटल्यानंतरच्या वेळात. आणि बघा योगायोग कसा, किल्केनी काऊंटीला तब्बल ११ ऑल-आयर्लंड, म्हणजे काऊंट्यांमधली देशपातळीवरची अजिंक्यपदं, जिंकून देणारा मॅनेजर ब्रायन कोडी, हा माणूस याच शहरातल्या एका प्राथमिक शाळेचा हेडमास्तर होता. २०२२ पर्यंत चोवीस सीझन त्याने टीम सांभाळली. आणि ज्या लिमरिक काऊंटीने २०१८ ते २०२३ मध्ये पाच ऑल-आयर्लंड उचलले त्यांचा मॅनेजर जॉन कायली, तोही हायस्कूलचा प्रिन्सिपल, टिपररीत. आता मला तर यात योगायोगही वाटत नाही.

एका संध्याकाळी दाजींबरोबर सेंट किअरन्स कॉलेज बघायला गेलो. नाव कॉलेज असलं तरी आपल्या भाषेत हायस्कूल, १७८२ सालचं. दगडी भव्य इमारत आणि पुढे हिरवीगार मैदानं. शाळांच्या ऑल-आयर्लंड हर्लिंगमध्ये, क्रोक कप म्हणतात त्याला, या एका शाळेने वीसहून जास्त वेळा कप जिंकलाय. किल्केनीचा जुना स्टार खेळाडू एडी केहर इथला, कोडी इथला, दहा ऑल-आयर्लंड मेडलं जिंकणारा हेन्री शेफलिनही इथलाच. गंमत म्हणजे काऊंटीभरातून पोरं इथे येतात, रविवारी क्लबच्या मॅचमध्ये जी एकमेकांच्या नडगीवर काठ्या घालतात तीच बुधवारी एका जर्सीत. पुढे काऊंटीच्या टीममध्ये एकत्र आली की ओळख करून द्यावी लागत नाही. बाहेरची पोरंही असत, वेक्सफर्डचा निकी रॅकर्ड इथे बोर्डिंगला होता. तेव्हा वेक्सफर्ड गेलिक फुटबॉलवाली काऊंटी म्हणूनच जास्त ओळखली जायची, हा हर्लिंग शिकून घरी गेला आणि १९५५ आणि १९५६ ला वेक्सफर्डने लागोपाठ ऑल-आयर्लंड जिंकलं. एकट्याने नाही जिंकलं, पण सुरुवात कुठून तरी होतेच ना.

लिमरिकचंही तसंच. आर्डस्कॉल रीश नावाची तिथली शाळा, २०१० मध्ये पहिल्यांदा मन्स्टर प्रांतातल्या शाळांचा हार्टी कप जिंकली, त्या टीममध्ये डेक्लन हॅनन होता. आठ वर्षांनी तोच हॅनन कॅप्टन म्हणून डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमवर ऑल-आयर्लंडचा कप उचलत होता, लिमरिकला १९७३ नंतर पहिल्यांदा. आधी शाळेचा कप, काऊंटीचा नंतर.

पण सगळं गोड आहे असं लिहिलं तर खोटं होईल. मोठ्या शाळांमध्ये इतकी पोरं येतात की टीममध्ये जागा मिळणं अवघड, आणि पंधराव्या वर्षी उंची न वाढलेलं पोर मागे पडतं, मग लीव्हिंग सर्टची, म्हणजे हायस्कूल संपतानाची परीक्षा जवळ आली की काठी कोपऱ्यात. आपल्याकडे दहावीला होतं तेच. छोट्या खेड्यातल्या शाळांना पंधरा जणांची टीमच होत नाही, दोन-तीन शाळा मिळून खेळतात. आणि काठीचं लाकूड, ॲश नावाच्या झाडाचं, मुळापाशी जिथे बुंधा वळतो तिथलं, कारण लाकडाचे धागे तिथे आपोआप वळलेले असतात, त्या झाडांना २०१२ पासून रोग लागलाय. लाकूड बाहेरून आणतात, काही जण आता बांबूच्या काठ्या बनवतात. भाच्याच्या काठीला बॉसपाशी पत्र्याची पट्टी आहे, तडा गेलाय तरी तो तिला सोडायला तयार नाही.

मुलींच्या खेळाला कॅमोगी म्हणतात, नियम जवळजवळ तेच. मी गेलो तेव्हा किल्केनीत सगळीकडे एकच चर्चा. ३ मेला डब्लिन आणि किल्केनीच्या मुली मॅचला शॉर्ट्स घालून उतरल्या होत्या आणि त्यांना सांगण्यात आलं की स्कॉर्ट, म्हणजे पुढून स्कर्टसारखं दिसणारं, तेच घाला नाहीतर मॅच रद्द. मुलींनी कपडे बदलले पण गप्प बसल्या नाहीत. २२ मेला क्रोक पार्कमध्ये कॅमोगी संघटनेची खास सभा झाली आणि ९८ टक्के मतांनी निवड मुलींवर सोपवली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या गेटवर सहावीच्या मुली हे एकमेकींना ओरडून सांगत होत्या. खो-खोच्या पोरींच्या पँटवरून गावात काय काय बोललं जायचं ते मी ऐकलेलं आहे, त्यामुळे मला तिथे उभं राहून भरून आलं.

शेवटच्या आठवड्यात भाच्याची दुसऱ्या शाळेबरोबर मॅच होती. बारीक पाऊस, ताई छत्री धरून, मी सरांच्या शेजारी. त्यांच्या हातात वर्गाच्या हजेरीची घडी घातलेली झेरॉक्स, त्यावर प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने उभ्या रेघा. एक रेघ म्हणजे खेळाचा एक हिस्सा. ज्याच्या रेघा कमी त्याला पुढचा नंबर. मुलं बारा वर्षांची होईपर्यंत इथे हीच पद्धत, छोट्या टीम, छोटं मैदान आणि प्रत्येकाला पुरेपूर खेळायला मिळालंच पाहिजे. मॅच बरोबरीत चाललेली, दोन मिनिटं राहिलेली, आणि सरांनी त्या अंगठेवाल्या पोरीला आत पाठवलं, कारण तिची एक रेघ कमी होती. माझ्या पोटात गोळा आला. मी असतो तर पाठवलं नसतं. तिने एकदा बॉल उचलला, एकदा सुटला, समोरच्यांनी पॉइंट केला आणि आम्ही हरलो. सरांनी कागदावर तिची रेघ मारली आणि घडी खिशात ठेवली.

परतीच्या ट्रेनमध्ये तो कागद डोळ्यांसमोरून जाईना. माझ्या शाळेत पाचवीच्या जून महिन्यातच मी बारा जण निवडतो, चपळ, सडपातळ, आणि उरलेली लिंबाखाली बसून टाळ्या वाजवतात. त्यातला एखादा आठवीत अचानक उंच आणि वेगवान झालेला दिसतो तेव्हा त्याला मी धड पाटीवर बसायलाही शिकवलेलं नसतं. बक्षिसं मिळाली आहेत आम्हाला, तालुक्याची, एकदा जिल्ह्याची. लिंबाखालच्यांची मात्र मला नावंही नीट आठवत नाहीत, आणि हे लिहिताना वाईट वाटतंय.

१६ जूनला शाळा उघडली. यंदा पाचवीत त्रेचाळीस पोरं आहेत. क्लार्क मॅडमकडून हजेरीची झेरॉक्स मागून घेतली, पहिल्या दिवशी पाऊस होता म्हणून व्हरांड्यातच तिघातिघांना पळवलं, आणि सुट्टीपर्यंत एकतीस नावांपुढे रेघा झाल्यात, बारा राहिलेत.