बारा टक्क्यांचे बावीस

आमच्या शाळेत 'आर्थिक साक्षरता' हा विषय ऐच्छिक आहे. आठवड्यातून एक तास, तोही शेवटचा. मी गणित शिकवते, म्हणून तो माझ्याच गळ्यात पडलाय. त्या दिवशी मात्र मी त्या तासाला नव्हते. एक शिक्षिका रजेवर होत्या, म्हणून दहावीच्या दुसऱ्याच वर्गावर ऑफ तासाला गेले होते.

पोरांना गुंतवायचं म्हणून फळ्यावर लिहिलं: कर्ज 12,000, व्याज 12 टक्के फ्लॅट, मुदत एक वर्ष. हप्ता किती? उत्तर झटक्यात आलं. व्याज 1,440, म्हणजे महिन्याला 1,120. बरोबर. मग विचारलं, शेवटच्या महिन्यात मुद्दल किती उरलेलं असतं? चुळबूळ. जेमतेम हजार. आणि व्याज? ते वर्षभर पूर्ण 12,000 वरच. 'फ्लॅट' म्हणजे हेच. दर महिन्याला उरणाऱ्या मुद्दलाची सरासरी काढली, 6,500 आली. त्यावर 1,440 म्हणजे 22 टक्के. (काटेकोर मांडलं तर साडेएकवीसच्या आसपास येतं, पण फळ्यावर एवढं पुरे.)

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून टेबलापाशी आला. दप्तराच्या आतल्या कप्प्यातून त्याने चार घड्यांचा कागद काढला. आईच्या कर्जाचा. घरात असले कागद वाचणारा तोच. 'फ्लॅट' या शब्दाखाली त्याने पेनाने दोन रेघा ओढल्या होत्या. म्हणजे खटकलं होतं त्याला, विचारायला कोणी नव्हतं. खाली प्रोसेसिंग फी, कर्ज देतानाच कापून घेतलेली. हातात आले कमी, व्याज मात्र पूर्ण रकमेवर. म्हणजे खरा दर आणखी चढला.

"मॅडम, मग यांनी खोटं लिहिलंय?"

खोटं काहीच नव्हतं, गोम तीच होती. सगळं छापलेलं होतं, सहीच्या वरच. गणितात एम.एस्सी. करूनही अशाच एका कागदावर मी एकदा सही केली आहे. हप्ता झेपतोय ना, एवढंच पाहिलं होतं. हे त्याला सांगायचा धीर झाला नाही.

मुदतीआधी कर्ज फेडलं तर व्याजात सूट मिळते का, ते कलम आम्ही दोघांनी मिळून शोधलं. घंटा झाली तरी तो हलला नाही.

"तू ऐच्छिकला नाव का नाही दिलंस?"

कागद पुन्हा त्याच घड्यांवर दुमडत तो म्हणाला, "मला वाटलं, ज्यांच्याकडे पैसे असतात त्यांच्यासाठी आहे तो विषय."