परत आलेल्या खोळी

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात माझे शिलाईचे दुकान आहे. शाळेचे गणवेश, परकर, ब्लाउज, उन्हाळ्यात कूलरची झाकणे असे काम वर्षभर चालू असते. गेल्या हिवाळ्यात गावातील उपासक-उपासिकांचा वीसेक जणांचा गट बुद्धस्थळांच्या यात्रेला निघाला, तेव्हा त्यांच्या सुटकेसांसाठी कापडी खोळी शिवण्याचे काम माझ्याकडे आले. यात्रा आटोपल्यावर त्या सगळ्या खोळी धुऊन दुरुस्त करून ठेवाव्यात म्हणून एकाच दिवशी दुकानात परत आल्या. आपण शिवलेल्या वस्तूचे पुढे काय होते हे शिंप्याला सहसा दिसत नाही; त्या दिवशी ते माझ्यासमोर जमिनीवर पसरलेले होते.

गटाचा प्रवास नागपूरहून दिल्लीमार्गे गयेपर्यंत विमानाने होता. पुढे बोधगया, राजगीर, कुशीनगर, लुंबिनी आणि सारनाथ बसने करून परतीचे विमान वाराणसीहून होते. बहुतेकांचा हा पहिलाच विमानप्रवास असल्यामुळे सामान आपल्या हातातून गेल्यावर त्याचे काय होते ही काळजी प्रत्येकाला होती, आणि ती अनाठायी नव्हती. विमानतळावर दिलेली बॅग सरकत्या पट्ट्यांवरून जाते, एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर घसरते, गाडीत रचली जाते आणि विमानाच्या पोटात इतर बॅगांच्या खाली दबते. वाटेत विमान बदलायचे असले की हे सारे पुन्हा एकदा होते.

कापड निवडताना मी सुती ड्रिलचा आग्रह धरला. बाजारात मिळणारी ताणली जाणारी पॉलिस्टरची कव्हरे बॅगेवर छान बसतात आणि धुळीपासून वाचवतातही, परंतु ती पातळ असतात आणि घासली गेली की लवकर विरतात. ड्रिलची वीण तिरपी आणि घट्ट असल्यामुळे ते घर्षण सोसते. मात्र ते आटते, म्हणून बेतण्याआधी सगळे कापड पाण्यातून काढून वाळवले. चोवीस इंची सुटकेसची खोळ साडेतीनशे-चारशे ग्रॅम भरते आणि साध्या तिकिटावर देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलोच सामान नेता येत असल्यामुळे, एवढे वजन धरूनच बॅग भरा असे मी प्रत्येकाला सांगितले होते.

खोळ वरून सदऱ्यासारखी चढते, वरच्या आणि बाजूच्या मुठीसाठी गोट लावलेल्या फटी असतात आणि तळाशी चाकांच्या मधून कापडाची एक पट्टी घेऊन ती चेनने बंद होते. मूठ मोकळी राहिलीच पाहिजे, कारण विमानतळावरची दहा अंकी क्रमांकाची पट्टी तिलाच बांधतात आणि यंत्र ती वाचूनच बॅग कुठे न्यायची ते ठरवते. एका काकांनी खोळीचे तोंड सुतळीने शिवून टाकण्याची विनंती केली. पूर्वी पोस्टाची पार्सले मांजरपाटात शिवून लाखेने मोहरबंद करीत, ते त्यांच्या डोळ्यांसमोर होते. मी ते मानले नाही. तपासणीत बॅग उघडण्याची गरज पडली तर शिवलेले तोंड कापावेच लागते, चेन असली तर ते काम क्षणात होते.

खोळी निळ्याच हव्यात, यावर सगळ्यांचे एकमत होते. निळ्या रंगाशी त्यांचे जे नाते आहे ते मला ठाऊक आहे आणि मान्यही आहे. पण वीस बॅगा एकाच निळ्या खोळीत पट्ट्यावर आल्या तर कोणाची कोणती हे कसे कळणार? म्हणून प्रत्येक खोळीच्या दोन्ही अंगांना निळ्या, पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि केशरी पट्ट्या लावल्या, म्हणजे बौद्ध ध्वजाचे पाचही रंग, फक्त प्रत्येकीवर त्यांचा क्रम वेगळा. गटात अक्षरओळख नसलेल्या तीन-चार आजी होत्या. आपला क्रम त्यांनी पाठ केला आणि परत आल्यावर त्या मोठ्या कौतुकाने सांगत होत्या की बॅग ओळखण्यासाठी कोणालाही विचारावे लागले नाही.

तर त्या दिवशी दुकानात सतरंजी अंथरून मी खोळी एकापुढे एक मांडल्या. पहिल्या चार-पाच पाहिल्या आणि थांबले, कारण झीज सगळ्यांवर एकाच जागी होती. चाकांच्या वरचे दोन्ही खालचे कोपरे पांढुरके पडून काही ठिकाणी आरपार विरले होते. पट्ट्यावर बॅग ज्या अंगावर आडवी घसरते त्या पाठीवर वंगणाचे लांब काळे ओरखडे होते. समोरचे अंग मात्र जवळपास नवे होते. शिलाई कुठेही उसवलेली नव्हती, कापडच झिजले होते. बसच्या टपावर रात्रभर राहिलेल्या खोळींवर दवाचे आणि धुळीचे डाग एकमेकांत मिसळून गेले होते. ही सगळी घासणी खोळ नसती तर बॅगेच्या अंगावर गेली असती, हे पाहताना मला माझ्या कामाचा अर्थ त्या दिवशी नव्याने कळला.

एका खोळीला हात लावला तेव्हा ती रिकामी नव्हती. मालकीण, म्हणजे आमच्या वेशीजवळच्या मावशी, बॅगेसकट ती घेऊन आल्या होत्या आणि त्यांनी खोळ काढलीच नव्हती.

"ताई, आत बॅग फुटली हाय. काढली अस्ती तं सारं सामान सांडलं अस्तं."

आम्ही दोघींनी मिळून चेन उघडली. सुटकेसची स्वतःची चेन दोन बाजूंनी दातांतून सुटून गेली होती आणि झाकण नुसते वर ठेवल्यासारखे झाले होते. कारणही दिसले. मावशींनी बोधगयेत पितळेची बुद्धमूर्ती घेतली होती आणि ती चादरीत गुंडाळून बॅगेच्या एका कोपऱ्यात बसवली होती. बॅग आपटली की मूर्तीचा सगळा भार चेनच्या वळणावर येत असणार, आणि चेन सर्वांत आधी वळणावरच दगा देते. खोळ चारही बाजूंनी ताणून बसलेली असल्यामुळे तो ताण तिच्या सगळ्या कापडावर वाटला गेला आणि वाराणसीपासून आमच्या गावापर्यंत मूर्ती, पांढरी साडी, औषधांची पिशवी, सगळे जिथल्या तिथे राहिले. ती खोळ थोडी सैल असती तर हे झाले नसते. म्हणूनच मी बॅग भरून आणायला लावते आणि भरलेल्या बॅगेचेच माप घेते. रिकामी बॅग कधीही फुगलेल्या बॅगेच्या मापाची नसते.

खोळ सगळेच वाचवते असे मी म्हणणार नाही. एका बॅगेचे चाक निखळून आले होते आणि त्यावर कापडाचा काही उपाय नाही. चोराला ती थांबवत नाही, मुसळधार पावसात सुती कापड भिजते आणि पाणी आत जाते. एकाने दुसरीकडे शिवून घेतलेली खोळ नेली होती, तिला बांधायला नाड्या होत्या. त्यांतली एक मुळापासून तुटून गेली होती. सरकत्या पट्ट्यावर लोंबणारी कोणतीही गोष्ट कुठेतरी अडकते, बॅगही अडवते, म्हणून नाडी, झालर, लटकन यांना माझा ठाम नकार असतो.

त्या दिवशी ब्लाउजांचे काम मी बाजूला ठेवले आणि प्रत्येक खोळीच्या विरलेल्या जागा खडूने आखून कागदावर उतरवल्या. आता खालच्या दोन्ही कोपऱ्यांना ड्रिलचा दुसरा थर आतून लावते, पाठीला जाड कॅनव्हास घेते आणि समोर साधेच कापड ठेवते, म्हणजे वजन फारसे वाढत नाही. मावशींची बॅग चेन बदलण्यासाठी दारव्ह्याला पाठवली. त्यांची खोळ कोपरे बदलून, धुऊन आणि इस्त्री करून दिली. पुढच्या हिवाळ्यात त्यांची बहीण तीच खोळ घेऊन जाणार आहे, आणि तिची बॅग अठ्ठावीस इंची निघाली तर मात्र नवी शिवावी लागेल.