सुविचाराची उरलेली ओळ

'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे.' ही ओळ मी व्यायामशाळेच्या भिंतीवर पाहिली आहे, एमपीएससीच्या अभ्यासिकेत टेबलावर चिकटवलेली पाहिली आहे, आणि दहावीच्या निरोप समारंभात तर ती ऐकल्याशिवाय सुटकाच नसते. प्रमुख पाहुणे घसा खाकरतात, माइकवर दोनदा टकटक करतात आणि वाळू रगडायला घेतात.

गंमत अशी की या श्लोकाला प्रयत्नांशी फारसं देणंघेणं नाही. भर्तृहरीच्या नीतिशतकातला हा श्लोक सतराव्या शतकात वामन पंडितांनी मराठीत आणला, त्याची ही पहिली ओळ. पुढे तहानलेल्याची तहान मृगजळानेही भागेल, रानात हिंडताना सशाचं शिंगसुद्धा सापडेल, असं करत करत स्वारी चौथ्या ओळीवर येते: 'परंतू मूर्खाचे हृदय धरवेना क्षणभरी.' म्हणजे एक वेळ वाळूतून तेल निघेल हो, पण हट्टाला पेटलेल्या मूर्खाची समजूत घालणं? नाव नको. कुणाशी तरी डोकं फोडून घरी आलेल्या माणसाचे हे उद्गार आहेत. आपण पहिली ओळ तेवढी कापून घेतली आणि यशाचा मंत्र म्हणून लॅमिनेट केली.

आमच्या सोसायटीत जिन्याखाली एक फळा आहे. बँकेतून निवृत्त झालेले तळमजल्यावरचे काका रोज सकाळी त्यावर सुविचार लिहितात. अक्षर मोत्यासारखं. फळ्याचा डावा अर्धा भाग सुविचाराचा, उजवा टाकी धुणे, लिफ्ट आणि थकलेला मेंटेनन्स यांचा. त्यामुळे 'संकट हीच संधी' याच्या शेजारी 'उद्या पाणी येणार नाही, साठवून ठेवावे' अशी जोडी जमते. एकदा तिथे वाळूचे कण आले. मी काकांना चौथी ओळ सांगितली. काका इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी अख्खा श्लोक रंगीत खडूने फळ्यावर, शेवटच्या ओळीखाली दुहेरी रेघ! नेमकी त्या संध्याकाळी पार्किंगवरून सभा होती. 'मूर्ख कोणाला म्हटलंय?' हाच सभेचा पहिला विषय झाला. सेक्रेटरींनी स्वतः ओलं फडकं आणून फळा पुसला, आणि पुढच्या सकाळी तिथे 'हसत राहा, निरोगी राहा' आलं. त्यावर कुणाचीच हरकत नव्हती.

हरकत घ्यायला जागा नसणं हीच तर सुविचाराची पात्रता. शाळेच्या परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, दिनविशेष यांच्या सोबतीने सुविचार असायचा. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात चौकट आखून तो लिहायचं काम ज्याचं अक्षर चांगलं त्याच्याकडे. तास बदलायचे, गणितं पुसली जायची, पण चौकटीला हात लावायचा नाही असा अलिखित नियम. 'प्रयत्नांती परमेश्वर' आठवडाभर तिथे बसून असे आणि त्याच्या खाली आम्ही सगळे मिळून अपूर्णांक चुकवत असू. त्या चौकटीने आम्ही सुधारलो का, हे आमच्या बाईच सांगू शकतील. मला आठवतो तो डस्टर झटकल्यावर नाकात जाणारा खडू.

आता चौकट फोनमध्ये आली. सूर्योदय, वाफाळता कप, दवाने भिजलेला गुलाब, आणि वर जाड अक्षरात जीवनाचं सार. खाली नाव. हे नाव कोण ठरवतं देव जाणे. वपु गेले २००१ साली, पण त्यांच्या नावावर अजून रोज नवं लेखन येतं. कलाम, पुलं, विवेकानंद, सगळे पहाटेपासून कामाला लागलेले. २०१८ साली व्हॉट्सॲपने आपल्याकडे एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल असं बंधन आणलं. ते अफवांसाठी होतं, पण आमच्या आत्याला तो स्वतःवरचा अन्याय वाटला. तिचे ग्रुप पाचाहून बरेच जास्त. ती आता हप्त्याहप्त्याने पाठवते.

मी हे टिंगल करायला लिहीत नाहीये, कारण मलाही सुविचारांचं व्यसन आहे. सकाळी चहा गाळून झाला की एक ओळ वहीत उतरवायची. सुरुवातीला मिळेल ती उतरवत असे आणि दुपारपर्यंत ती विसरतही असे. मग वाळूच्या कणांनी खोड लावली. आता ओळ उतरवली की तिच्या आधी काय आहे आणि नंतर काय आहे तेही शोधायचं. ज्या ओळीला मागचापुढचा पत्ताच नाही, ती वहीत राहत नाही. वपुंच्या खात्यावरच्या कितीतरी अशाच गळाल्या. आणि खरं सांगायचं तर मन ताजंतवानं होतं ते या शोधाशोधीनेच. ओळ हे निमित्त.

नुसती चांगली ओळ घोकून मन सुधारतं, ही समजूत आपलीच नव्हे. फ्रान्समध्ये एमिल कुए नावाचे औषधविक्रेते (१८५७–१९२६) लोकांना सांगत, 'रोज, सर्व बाजूंनी, मी अधिकाधिक बरा होत आहे' हे वाक्य सकाळ-संध्याकाळ वीस वेळा पुटपुटा. मोजायला दोरीला वीस गाठी मारून घ्या. जपमाळेच्या देशात राहणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. पण २००९ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोॲन वुड आणि सहकाऱ्यांनी हेच तपासून पाहिलं. 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं लोकांना परत परत म्हणायला लावलं. ज्यांना स्वतःबद्दल आधीच बरं वाटत होतं त्यांना जरा आणखी बरं वाटलं. ज्यांना खरी गरज होती, त्यांना उलट अधिक वाईट वाटलं. आत कुणीतरी लगेच 'छे, कुठली' म्हणत असणार. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: वाक्य कुठे खरं आहे आणि कुठे खरं नाही, दोन्हींचा विचार करायची मुभा दिली, तेव्हा या मंडळींना तितका त्रास झाला नाही. वामन पंडित हसले असते. चौथी ओळ खोडू नका, एवढंच तर ते म्हणत होते.

तुकोबांचं तर आपण फारच सोयीने करतो. 'मन करा रे प्रसन्न, सर्व सिद्धीचे कारण' हे दवाखान्यात, योगवर्गात, ऑफिसच्या डेस्कवर सगळीकडे. पण 'रात्रंदिवस आम्हां युद्धाचा प्रसंग, अंतर्बाह्य जग आणि मन' हे गुलाबाच्या फुलावर छापलेलं मी अजून पाहिलं नाही. दोन्ही म्हणणारा माणूस एकच. दुष्काळात त्यांची पत्नी अन्न अन्न करत गेली, धंदा बसला, गावात मान गेला, आणि हे सगळं त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवलं आहे. मन प्रसन्न करा असं सांगणाऱ्याचं मन कशाकशातून गेलं होतं हे कळलं की त्या ओळीचा आवाजच बदलतो. तो सल्ला राहत नाही, रात्रभर जागलेल्या माणसाने सकाळी स्वतःला दिलेली ताकीद वाटते. मला ती तशीच जास्त उपयोगी पडते. तब्येत, पैसे, पोरांचे निकाल, काहीही बिनसलेलं असताना 'हसत राहा' वाचलं की मला लिहिणाऱ्याचाच राग येतो. अशा दिवशी मी 'सुख पाहता जवापाडे, दुःख पर्वताएवढे' उतरवते आणि चक्क हलकं वाटतं. हिशेब आपल्याच घरी चुकलेला नाही, एवढं तरी समजतं.

ही ओळ मी एकदा घरच्या ग्रुपवर टाकली. सकाळी, गुलाब-बिलाब न लावता. दोन मिनिटांत आत्याचा फोन.

"काय गं, बरं आहे ना सगळं? नवऱ्याशी काही झालं का?"

"नाही गं आत्या. तुकारामांचा अभंग आहे."

"ते कळतंय मला. पण सकाळी सकाळी पर्वत कशाला?"

मग तिने स्वतःच पुढची ओळ म्हटली, 'धरी धरी आठवण, मानी संतांचे वचन', तिच्या आईच्या चालीत, मध्येच अडखळत. लहानपणी घरात एकादशीला भजन असायचं, तेव्हाची ती चाल. त्यानंतर गुडघा, डॉक्टरांनी सांगितलेलं ऑपरेशन, त्याची वाटणारी भीती, सुनेला हे अजून सांगितलेलं नाही, असं सगळं निघत गेलं. रोज सकाळी सूर्योदय पाठवणाऱ्या आत्याचा गुडघा इतका दुखतोय हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. चहा गार झाला. फोन ठेवताना म्हणाली, "तो अभंग पूर्ण लिहून पाठव मला. आणि अक्षर मोठं कर जरा, चष्म्याचा नंबर वाढलाय."