मुरमाड पट्ट्यातला गॅलार्डिया

गॅलार्डिया लावायचा ठरवला तो जागा बघूनच. कुंपणालगतच्या पट्ट्यात दिवसभर ऊन, माती मुरमाड, पाणी ओतलं की लगेच खाली उतरणारं. नाजूक झाडं तिथे तग धरत नाहीत. हे मुळात अमेरिकेच्या माळरानांवरचं रानफूल, त्यामुळे त्याला मानवेल अशी जागा माझ्याकडे आयतीच होती.

बी घेण्याआधी जात ठरवावी लागली. पुल्चेला हंगामी, फुलून बी धरलं की संपली. अ‍ॅरिस्टाटा बहुवर्षायू. या दोघींच्या संकरातून आलेली ग्रँडिफ्लोरा फुलांनी घसघशीत, पण बहुतेकदा दोन-तीन वर्षांत थकते. मी पुल्चेला घेतली, कारण पुढच्या खेपेला घरचंच बी वापरायचं होतं. संकरित वाणाच्या बियांतून तशीच फुलं येतील याचा भरवसा नसतो.

पेरणीत गोम एवढीच की बी खोल गाडायचं नाही, उगवायला त्याला उजेड लागतो. ओलसर मातीवर बी भुरभुरलं, तळहाताने दाबलं आणि वरून बारीक वाळू नावापुरती शिवरली. झारीच्या धारेने बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं, म्हणून ओल फवाऱ्याने धरली. 20 ते 24 अंश तापमान असेल तर एक-दोन आठवड्यांत कोंब वर येतात. रोपं हाताशी आल्यावर 30 सेंटिमीटर अंतरावर लावली आणि शेंडे खुडले, म्हणजे बाजूने फुटवे येतात.

लावताना मूठभर शेणखत दिलं, त्यानंतर काही नाही. नत्र जास्त झालं की झाड पानांनी माजतं, देठ लांबून लोळतात आणि फुलं कमी येतात. पाणीही बोटभर खोलपर्यंत माती सुकल्यावरच. येणारे-जाणारे ‘झाड उपाशी दिसतंय’ म्हणून हळहळायचे, तिकडे लक्ष दिलं नाही. या झाडाला कोरडं कधीकधी चालतं, साचलेलं पाणी मात्र अजिबात नाही, मुळं कुजतात.

खरा वेळ जातो तो फुलं लागल्यावर. सुकलेली फुलं वेळेवर छाटली नाहीत तर झाडाचा जोर बी भरण्यात जातो. पण पाकळ्या गळल्यावर जो गोंडा उरतो तो घाईत कळीसारखाच दिसतो. वाकून पाहिलं की फरक कळतो: कळी हिरवी, घट्ट आणि वरून चपटी; उतरलेलं फूल मात्र चेंडूसारखं गोल, वर लालसर-करडे ताठ केस. छाटताना नुसता गोंडा तोडायचा नाही, देठासह खालच्या पानापर्यंत कापायचं. हातमोजे घालावेत, पानांच्या रसाने काहींच्या कातडीला खाज सुटते.

बहर भरात असताना एका झाडाची फुलं हिरवी निघू लागली. पाकळ्यांच्या जागी बारीक पानांसारखं काहीतरी, आणि बुडातून पिवळट, काटकुळ्या फांद्यांचा झुपका. खताची कमतरता असती तर पानं फिकी पडली असती, फुलाचं पान झालं नसतं. तिळाच्या पिकावरचा पर्णगुच्छ रोग ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच ओळखता येईल. तुडतुडे, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, फायटोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्मजीव एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात, त्यातून हे होतं. झाड बरं करणारा उपाय नाही. मुळासकट उपटून पिशवीत बांधून टाकलं आणि आजूबाजूचं तण काढलं, कारण तुडतुडे आणि रोग दोन्ही तिथे आसरा घेतात. हा रोग मातीतून लागत नाही, त्यामुळे त्याच खड्ड्यात दुसरं रोप बसवता आलं.

हंगाम सरत आला तसे काही गोंडे मुद्दाम झाडावर वाळू दिले. पूर्ण वाळलेला गोंडा कागदावर चुरगाळला की बी सुटतं: खाली केसाळ, वर कागदी कुसळांचा तुरा. कागदी पाकिटात भरून कोरड्या जागी ठेवलं. जे सांडलं ते पायवाटेच्या फटींतून आपोआप उगवलंय. त्यात एक नखशिखांत लाल आहे, एक जवळजवळ निव्वळ पिवळं. वाट अडते म्हणून ती काढायला हवीत, पण पिवळ्याचं बी हाती आल्याशिवाय मी काढणार नाही.