सोळाची तेरा झाली, पण चोराची वाट सापडली

कोंबडीच्या या पिल्लांचा आज 49वा दिवस. मागच्या नोंदीत मी ठामपणे लिहिलं होतं की पिल्लं मांजरच नेतंय. ते मागे घेते. चोर हाती लागला नाही, पण तो कुठून येतो ते कळलं. त्या बाजूला मी एकदाही पाहिलं नव्हतं.

आधी चांगलं सांगते. या खेपेचं ब्रूडिंग, म्हणजे पिल्लांना ऊब देऊन वाढवणं, अगदी मनासारखं झालं. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर 35 अंश, मग दर आठवड्याला 3 अंश कमी. बल्ब सोडून उबेची प्लेट घेतली याचं समाधान अजून ओसरलेलं नाही. आगीची धास्ती गेली, रात्री खरा अंधार मिळतो आणि पिल्लं आईच्या पंखाखाली शिरावीत तशी तिच्याखाली शिरतात. तिसऱ्या दिवशी एकीची विष्ठेची जागा चिकटून बंद झाली होती. कोमट पाण्यात कापूस बुडवून हळूहळू मोकळी केली, कोरडी पुसली. आज तीच सगळ्यांत दांडगी आहे, खाद्याच्या भांड्यावर पहिली झेप तिची.

आता मूळ दुखणं. 21व्या दिवशी सोळाच्या सोळा पिल्लं प्लेटसकट मोठ्या खुराड्यातल्या जाळीच्या कप्प्यात हलवली. 22व्या रात्री एक गेलं, 28व्या रात्री दुसरं. पीस नाही, रक्त नाही, जाळी कुठे वाकलेली नाही. रात्रीचं म्हटल्यावर घार, शिक्रा बाद. मुंगूसही दिवसाचं जनावर. मग उरलं मांजर, आणि मी जाळीच्या मागे लागले.

षटकोनी जाळीला लोक कोंबडीची जाळी का म्हणतात ते आता नीट कळलं. ती कोंबडीला आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. तार इतकी बारीक की कुत्रा ती फाडतो, आणि भोकातून पंजा आत घालता येतो. म्हणून 12 मिलिमीटर भोकांची वेल्डमेश, म्हणजे जोडलेल्या तारांची चौकोनी जाळी, मागवली. विक्रेत्यानं पाठवली 25ची, वर ‘तेवढ्यानं काय फरक पडतो’ हे ऐकवलं. फरक किती पडतो ते पिल्लं पाळणाऱ्याला विचारावं. बदलून घेण्यात आठवडा गेला. चारही बाजू बंद केल्या, बाहेर जमिनीवर 30 सेंटिमीटरचा झालर-पट्टा आडवा पसरून त्यावर माती ओढली. कोणीही उकरायला लागलं तर भिंतीलगतच उकरतं आणि तिथेच जाळीला अडतं.

37व्या सकाळी तिसरं पिल्लू कप्प्यातच मेलेलं. अंगावर जखम नाही. पण डोकं आणि मान ओली, पिसं चोपून चिकटलेली, खांद्यापासून खाली सगळं कोरडं. मी ते हातात घेऊन कितीतरी वेळ तशीच बसले होते. गिळायला घेतलं होतं आणि खांद्याशी अडलं म्हणून सोडून दिलं होतं. साप. पंधरा दिवसांपूर्वीचं पिल्लू मावलं, हे मावलं नाही.

मग वहीतल्या तारखा पुन्हा पाहिल्या. सहा दिवसांचं अंतर, नंतर नऊ दिवसांचं. मांजराला एकदा वाट सापडली असती तर ते रोज आलं असतं. इतके दिवस पडून राहतो तो गिळून पचवणारा. आणखी एक नोंद होती, जिच्याकडे मी दुर्लक्ष केलं होतं: ‘27, 28, संध्याकाळी कोंबडा सारखा कटकटाट करत होता.’ आकाशातल्या शत्रूसाठी त्याची हाक वेगळी असते, बारीक, लांबलेली, आणि ती ऐकताच सगळी आडोशाला पळतात. जमिनीवरच्यासाठी हा तुटक कटकटाट असतो. तो मला सांगत होता आणि मी दार लावून घरात गेले.

पण बारीक जाळीतून साप आत आला कसा? त्या रात्री पिल्लं झोपल्यावर कप्प्याच्या कडेकडेनं आतून-बाहेरून चाळलेली राख पसरली. पीठ वापरू नका, त्यानं उंदीर येतात. चार रात्री काहीच नाही. पाचव्या सकाळी बाहेरची राख जशीच्या तशी आणि आतल्या राखेवर गुळगुळीत नागमोडी पट्टा, खाद्याच्या भांड्यामागच्या विटेपर्यंत. काठीनं वीट सरकवली तर खाली घुशीचं बीळ, थेट जोत्याखाली गेलेलं. शेजारीच सांडलेलं स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं खाद्य, आणि लेंड्या. म्हणजे सांडलेल्या खाद्यासाठी घूस आली, घुशीच्या वाटेनं साप आला, आणि वाटेच्या तोंडाशीच मी पिल्लं निजवली होती.

त्याच दिवशी कप्प्यातली भुशाची गादी उपसली. तळाला सलग वेल्डमेश टाकली, कडा 15 सेंटिमीटर वर वळवून भिंतीच्या जाळीला तारेनं शिवल्या, वर भुशाचा चार बोटं थर. बीळ खडी आणि सिमेंटनं भरलं. नायलॉनचं जाळं लावायचा सल्ला मिळाला होता, तो मानला नाही. त्यात साप अडकून तडफडून मरतो, आणि पिल्लांचे पायही गुंततात. साप समोर आला असता तर सर्पमित्रालाच बोलावलं असतं. तो घुशीच्या मागे आला होता, त्याच्याशी माझं वैर नाही.

खाद्याचं भांडं आता टांगलंय, पिल्लांच्या पाठीइतक्या उंचीवर. सांडणं निम्म्याहून कमी झालं. रात्री ते उचलून पत्र्याच्या डब्यात ठेवते. पाय दिल्यावर उघडणारं भांडं मोठ्यांसाठी उत्तम, पण पिल्लांच्या वजनानं ते उघडतच नाही, तेव्हा या वयात घेऊ नका.

पुढचा बेत खाली कोबा करायचा होता. पण हे लिहिताना वाटतंय, जोतंच कशाला हवं? खुराडं दोन फूट उंच पायांवर घेतलं तर खाली लपायला अंधारच उरणार नाही, पायांना गुळगुळीत पत्रा गुंडाळला की घूसही चढणार नाही, आणि ओल न धरल्यानं रक्ती हगवणीची भीतीही कमी होईल. कोब्यासाठी आणलेली वाळू तशीच पडू दे. पुढची अंडी उबवणी यंत्रात ठेवणंही तोवर लांबवते. अडचण शिडीची आहे. सात-आठ आठवड्यांच्या पिल्लांना दोन फुटांसाठी किती उतार झेपतो आणि आडव्या पट्ट्या किती अंतरावर हव्यात, हे ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी मापांसकट सांगा. उजेडावर चालणारं दार मात्र कोणी सुचवू नका. ढगाळ संध्याकाळी ते लवकर मिटतं आणि उशिरा परतणारी धाकटी बाहेर राहतात. दार मी हातानंच लावणार, मोजून.

राख अजून रोज पसरते. सात रात्री कोरी. काल कोंबडा पुन्हा कटकटला तेव्हा टॉर्च आणि गमबूट घेऊन धावले. कुंपणापलीकडे कुत्रा होता. आत तेरा.